दिलेला शब्द आणि त्याची किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती माणसाने दिलेला शब्द कुठवर पाळावा, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. बहुतेक उत्तरं एकाच गोष्टीवर येऊन थांबतात, म्हणून ती आधीच सांगते: शब्द ज्याला दिला, त्यातून मोकळं करण्याचा हक्क त्याच्याकडे असतो, देणाऱ्याकडे नाही. देणाऱ्याने मोकळीक मागावी, ती परस्पर घेऊ नये.

१. शब्द पाळणं हा चांगल्या स्वभावाचा भाग झाला. त्यात खास ख्रिस्ती असं काय आहे?

शब्दाला जागणारी माणसं सगळ्या धर्मांत आहेत आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. ख्रिस्ती माणसाचं कारण तेवढं वेगळं. बायबलमधला देव स्वतःला वचनाने बांधून घेतो. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे की अब्राहामाला वचन देताना शपथ वाहायला देवाला स्वतःहून मोठा कोणी नव्हता, म्हणून त्याने स्वतःचीच शपथ वाहिली. आपलं तारण पाळल्या गेलेल्या वचनावर उभं आहे. असं असताना आपण स्वतःचा शब्द हलका समजावा, हे कुठेच बसत नाही.

२. स्वतःचं नुकसान होत असलं तरी शब्द पाळा, असं बायबल खरंच सांगतं का?

हो, स्तोत्र १५ मध्ये. परमेश्वराच्या मंडपात कोण राहील, असा प्रश्न विचारून तिथे तशा माणसाचं वर्णन केलं आहे. तो चहाडी करत नाही, व्याजाने पैसे देत नाही, निरपराध्याविरुद्ध लाच घेत नाही. आणि शपथ वाहिल्यामुळे आपलं अहित होतंय असं दिसलं तरी ती फिरवत नाही. इथे नुकसान गृहीतच धरलं आहे. फायद्याचा शब्द कुणीही पाळतो, त्याला सचोटी लागत नाही.

१६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने (प्रोटेस्टंट श्रद्धेच्या जाहीरनाम्याने) बावीसाव्या अध्यायात हेच धरलं: शपथ माणसाला पाप करायला बांधू शकत नाही, पण ज्यात पाप नाही अशा गोष्टीत ती स्वतःचं नुकसान सोसूनही पाळावी लागते. म्हणजे सुटकेचं कारण म्हणून पाप चालतं, तोटा चालत नाही. ही सीमारेषा पुढे प्रश्न ८ मध्ये सविस्तर येईल.

३. येशूने तर शपथच वाहू नका म्हटलं. मग न्यायालयात किंवा लग्नात शपथ घ्यावी का?

यावर ख्रिस्ती मंडळ्यांचं एकमत नाही. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीत (श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) केवळ प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा मानणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी शपथ पूर्णपणे नाकारली. पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथानेही तीच भूमिका घेतली आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीने मात्र देवाच्या नावाने आदरपूर्वक घेतलेली शपथ योग्य मानली. या बाजूचे लोक दाखवून देतात की महायाजकाने शपथ घालून विचारलं तेव्हा येशूने उत्तर दिलं, आणि पौलही आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवतो. मला दुसरी बाजू पटते. पण पहिलीच्या लोकांनी येशूच्या या आज्ञेसाठी जी किंमत मोजली तिच्याबद्दल मला मोठा आदर आहे.

दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत. मत्तय ५ मध्ये येशूचा रोख पळवाटांवर आहे. मंदिराची शपथ बांधत नाही, मंदिरातल्या सोन्याची बांधते, असली कलमं त्या काळी काढली जात होती (मत्तय २३). येशूने ती सगळी मोडीत काढली आणि ‘होय तर होय, नाही तर नाही’ एवढंच ठेवलं. शपथ घेतली नव्हती म्हणून शब्द कच्चा होता, असं म्हणायची सोय त्याने ठेवलेली नाही.

४. मी फक्त ‘बघतो’, ‘करू या’ असं म्हणालो होतो. तेही वचन धरायचं का?

समोरच्याने काय समजावं असं तुम्हाला वाटत होतं, ते आठवा. त्याने ‘हो’ समजून निश्चिंत व्हावं आणि आपल्याला मात्र मोकळं राहता यावं, असा हेतू असेल, तर तो शब्द दिल्यासारखाच आहे. खरोखर ठरलेलं नव्हतं आणि समोरच्यालाही ते कळत होतं, तर नाही.

या घोळाचं मूळ बहुतेक वेळा लबाडीत नसतं, भिडेत असतं. तोंडावर नाही म्हणवत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण पैशाइतकीच शब्दालाही लागू आहे. मंडळीत हे फार घडतं. पाळकांनी किंवा मंडळीतल्या ज्येष्ठांनी विचारलं की हात वर होतो आणि घरी जाताना पश्चात्ताप सुरू होतो. बुरूज बांधायला बसणारा माणूस आधी खर्चाचा हिशेब करतो, असं येशूने लूक १४ मध्ये सांगितलं. ‘मला दोन दिवस द्या, विचार करून सांगते’ हे उत्तर पूर्णपणे ख्रिस्ती आहे, आणि स्पष्ट नकारही.

५. व्यवहार तोंडी ठरला होता, सही झालेली नाही. आता दुसरीकडून चांगला भाव आला आहे. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. कधी घर विकायचं असतं, कधी गाडी, कधी नोकरी स्वीकारलेली असते. कायद्याने तुम्ही बांधले आहात का, हे वकिलाला विचारा. इथे प्रश्न एवढाच आहे की तुम्ही ‘ठरलं’ म्हणालात का. म्हणाला असाल, तर ठरलं.

मोह कुठे होतो ते सांगते. फोन हातात असतो आणि मेसेज टाइप होत असतो: ‘सॉरी, घरच्यांचा विचार बदलला आहे.’ घरच्यांना अजून काही विचारलेलंही नसतं. शब्द मोडण्याआधीच खोटं बोलून झालेलं असतं आणि दोषही घरच्यांच्या माथी मारलेला असतो. हा मेसेज खोडा आणि खरा लिहा: ‘मला दुसरीकडून जास्त रक्कम मिळते आहे. आपलं ठरलं आहे, हे मी मानतो. तुम्ही मला मोकळं करू शकाल का? नाही म्हणालात तरी आपला व्यवहार ठरल्याप्रमाणेच होईल.’ शेवटचं वाक्य मनापासून लिहिता येत नसेल, तर विचारूच नका. मोकळीक मागण्याच्या नावाखाली तो दबाव ठरतो.

नोकरीच्या बाबतीत एक फरक आहे. करारातच राजीनाम्याची आणि सूचनेच्या मुदतीची तरतूद असेल, तर त्या तरतुदीनुसार बाहेर पडणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे, कारण दोघांनी ठरवलेल्या शब्दातच ते आहे. रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून बसणं हा प्रकार वेगळा.

६. माझ्याकडून फसवून शब्द घेतला गेला. तरीही पाळायचा?

यहोशवाचा नववा अध्याय सावकाश वाचा, कारण तो सोपा नाही. इस्राएल कनान देश जिंकत होता आणि गिबोनचे लोक जवळच राहणारे होते. जीव वाचवायला त्यांनी सोंग घेतलं: गाढवांवर जुनी गोणपाटं, ठिगळं लावलेले द्राक्षारसाचे बुधले, पायांत झिजून दुरुस्त केलेले जोडे आणि शिदोरीत वाळून बुरसलेली भाकर. ‘घरून निघालो तेव्हा ही गरम होती’ असं ते म्हणाले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिदोरी पारखली, पण परमेश्वराला विचारलं नाही. करार झाला, शपथ झाली. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारीच आहेत.

लोक कुरकुरू लागले. पुढाऱ्यांनी मात्र सांगितलं की परमेश्वराच्या नावाने शपथ वाहिली आहे, आता यांना हात लावता येत नाही. एवढ्यावर भागलं नाही. दहाव्या अध्यायात पाच राजे गिबोनवर चालून आले आणि याच फसव्या लोकांनी मदतीला हाक मारली. हात झटकायला यापेक्षा चांगली संधी कुठली? यहोशवा गिलगालहून रातोरात चालत निघाला आणि त्यांच्यासाठी लढला.

काही शतकांनी शौल राजाने हा करार मोडून गिबोनी मारले. दावीदाच्या काळात ओळीने तीन वर्षं दुष्काळ पडला, तेव्हा त्याचं कारण म्हणून परमेश्वराने शौलाचा हा रक्तपात दाखवला (२ शमुवेल २१). त्याचा शेवट भयंकर आहे; शौलाच्या घराण्यातली सात माणसं मारली गेली. ते वाचून मी अजूनही अस्वस्थ होते आणि ती अस्वस्थता घालवणारं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पण त्याच अध्यायात दावीद शौलाचा मुलगा आणि आपला मित्र योनाथान याच्या मुलाला, मफीबोशेथाला, वाचवतो. का? तर योनाथानाशी परमेश्वरासमोर शपथ झाली होती म्हणून.

यातून प्रत्येक फसवणुकीला मान तुकवावी असा नियम मात्र काढू नका. पुढाऱ्यांनी गिबोन्यांना जाब विचारला आणि त्यांच्यावर लाकूडतोडीचं, पाणी भरण्याचं काम लादलं. खोटी कागदपत्रं दाखवून किंवा धमकावून सही घेतली असेल, तर कायद्याचा आधार घेणं ही अप्रामाणिकता नव्हे. तिथे खरी संमतीच नव्हती. गिबोनच्या गोष्टीचा धडा त्या प्रसंगासाठी आहे, जिथे चौकशी करणं आपल्या हातात होतं, आपण केली नाही आणि आता ‘फसलो’ हे कारण आयतं मिळालं आहे.

७. समोरचा माणूस विश्वासी नाही, किंवा शत्रूच आहे. त्याला दिलेला शब्दही तितकाच बांधतो का?

तितकाच. यहूदाचा राजा सिद्कीया याने बाबेलच्या नबुखद्नेस्सराला शपथेवर निष्ठा दिली आणि मग मिसराची मदत घेऊन बंड केलं. परक्या, मूर्तिपूजक आक्रमकाला दिलेली शपथ! तरी यहेज्केल १७ मध्ये परमेश्वर तिला ‘माझी शपथ, माझा करार’ म्हणतो आणि ती मोडल्याबद्दल सिद्कीयाला दोषी धरतो.

मंडळीच्या इतिहासात या धड्याची दोन टोकं दिसतात. चेक धर्मसुधारक यान हुसला सम्राट सिगिस्मुंडने संरक्षणाचं पत्र दिलं होतं. त्या भरवशावर तो कॉन्स्टन्सच्या परिषदेला गेला, तिथे कैद झाला आणि ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळलं. जाळणारे स्वतःला ख्रिस्ती विश्वासाचे रक्षक समजत होते. शंभरेक वर्षांनी, १५२१ मध्ये, वर्म्सच्या सभेत मार्टिन ल्यूथर तसंच पत्र घेऊन उभा राहिला. सम्राट पाचवा चार्ल्स त्याच्या शिकवणीच्या पूर्ण विरोधात होता, पण परतीसाठी दिलेली २१ दिवसांची हमी त्याने मोडली नाही. धर्मशास्त्रात मी चार्ल्सच्या बाजूची नाही. शब्दाच्या बाबतीत तो सिगिस्मुंडपेक्षा सरस ठरला, हे मान्य करायलाच हवं.

समोरच्यानेच आधी करार मोडला असेल तर? एकमेकांच्या अटींवर उभा असलेला करार त्याने मोडल्यावर तुमचा भागही उरेलच असं नाही. पण ते त्याला उघडपणे कळवा. मनातल्या मनात हिशेब चुकता करू नका.

८. वचन पाळायचं तर काहीतरी चुकीचं करावं लागेल. मग?

मग ते पाळू नका. पापाचं वचन देणं हे एक पाप झालं. ते पाळणं हे दुसरं.

हेरोद राजाने भरल्या मेजवानीत नाचलेल्या मुलीला मागेल ते देण्याची शपथ वाहिली आणि पाहुण्यांसमोर तोंड दाखवता यावं म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं तबकात आणवलं (मार्क ६). त्याने शब्द पाळला, आणि तोच त्याचा अपराध. प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये चाळीसहून अधिक माणसं पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी न घेण्याची शपथ वाहतात. त्यांच्या निष्ठेचं कौतुक कुणी करत नाही. आणि इफ्ताह! जिंकून परतल्यावर घरातून जे समोर येईल ते अर्पण करीन, अशा उतावीळ नवसापायी त्याच्या एकुलत्या एक मुलीचं काय झालं ते शास्ते ११ मध्ये आहे.

याउलट १ शमुवेल २५ मध्ये दावीद आपला अपमान करणाऱ्या नाबालाच्या घरातला एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाही अशी शपथ वाहून निघतो. वाटेत नाबालाची बायको अबीगईल गाढवावरून उतरून पायांवर पडते आणि त्याला थांबवते. दावीद शपथ सोडून देतो आणि तिला थांबवायला धाडल्याबद्दल परमेश्वराला धन्यवाद देतो. अविचाराने वाहिलेल्या शपथेसाठी लेवीय ५ मध्ये पापकबुली आणि अर्पणाची तरतूद आहे. म्हणजे असं वचन सोडताना खांदे उडवून चालत नाही. देवापुढे आणि ज्याला वचन दिलं त्याच्यापुढे ‘मी असं म्हणायलाच नको होतं’ हे कबूल करावं लागतं.

९. पाळायची इच्छा आहे, पण पैसेच नाहीत. दिवाळखोरी जाहीर करणं पाप आहे का?

न जमणं आणि न करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्तोत्र ३७ दुष्टाबद्दल म्हणतं की तो उसनं घेतो आणि फेडत नाही. रोख नियतीवर आहे. लेवीय २७ मध्ये नवसाची ठरलेली रक्कम कुणाला झेपत नसेल, तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे ती ठरवावी अशी सोय आहे. नियमशास्त्रातच गरिबाला जागा ठेवली आहे.

कायद्याने दिलेलं संरक्षण घेणं पाप नाही. पण धनको विचारण्याआधी तुम्ही सांगा, खरा आकडा सांगा, लपवलेली मालमत्ता ठेवू नका, आणि पुढे दिवस पालटले तर कायद्याने माफ झालेलं कर्जही फेडायचा विचार करा.

१०. मी मित्राला जामीन राहिलो. आता तो हप्ते भरत नाही. मी तर एक पैसाही घेतला नव्हता.

नीतिसूत्रे ६ मधला सल्ला जवळजवळ धावपळीचा आहे: झोपू नकोस, डोळ्याला डोळा लावू नकोस, जा, नम्र हो, त्याच्या मागे लाग आणि हरणासारखा फासातून सुटून जा. सुटण्याचा मार्ग विनवणीचा आहे, पळून जाण्याचा नाही. सुटका मिळाली नाही तर भरावं लागेल; जामीन राहणं म्हणजे तेच होतं. पौलाने अनेसिम या दासासाठी त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहिलं की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावे मांड, मी फेडीन, आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहितो. जामिनकी घ्यायची तर अशी, आपण फेडणार हे धरून.

११. देवाला नवस केला होता. आता तो पाळणं घरच्यांवर अन्याय ठरतोय.

उपदेशक ५ म्हणतो, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. तरी नवसालाही मर्यादा आहेत. गणना ३० मध्ये घरातल्या अवलंबून असलेल्या व्यक्तीचा नवस कुटुंबप्रमुखाला ऐकताच रद्द करता येत होता. त्या काळची घराची रचना आजची नाही, पण एकाच्या नवसाने दुसऱ्याला परस्पर बांधू नये ही जाणीव त्यात आहे. याहून स्पष्ट येशू बोलतो. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण केलं, असं सांगून हात वर करणाऱ्यांना त्याने मार्क ७ मध्ये फटकारलं. आधीच्या कर्तव्याचं काढून केलेला नवस देवाला नको आहे. पाळकांशी बोला, आणि स्वतःच्या पदरचं देता येईल तेवढं द्या.

१२. परिस्थिती बदलली म्हणून बेत बदलला. यालाही शब्द मोडणं म्हणायचं?

पौलावर हाच आरोप झाला होता. करिंथला येतो म्हणाला आणि आला नाही. २ करिंथ १ मध्ये तो त्याचं उत्तर देतो: मी एकाच वेळी होय-होय आणि नाही-नाही करणारा नाही, तुम्हाला दुःख देऊ नये म्हणून आलो नाही. बदल त्यांच्या भल्यासाठी होता आणि कारण त्याने उघड सांगितलं. ‘परिस्थिती बदलली’ म्हणताना एवढं तपासा की बदलाचा फायदा कुणाला होतोय. तुम्हालाच होत असेल, तर प्रश्न ५ कडे परत जा.

१३. लग्नात शपथ घेतली आहे. नवरा मारतो. सहन करत राहू का?

नाही. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासू माणसाला सांगा, पोलिसांची मदत घ्या. स्तोत्र १५ मधला माणूस स्वतःचं नुकसान सोसतो. दुसऱ्याने केलेला अत्याचार लपवून ठेवायला ते स्तोत्र कुणालाही सांगत नाही. मारणाऱ्याने प्रीती आणि सांभाळ करण्याची आपली शपथ आधीच मोडली आहे. घटस्फोट आणि पुनर्विवाह यांवर मंडळ्यांत मतभेद आहेत, पण जीव वाचवायला घर सोडण्यासाठी ते मतभेद मिटेपर्यंत थांबायचं नसतं. कुणी पाळक तुम्हाला शपथेची आठवण देऊन परत पाठवत असेल, तर दुसऱ्याकडे जा.

१४. कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि मग कळलं की एका मुलावर अत्याचार होतोय.

सांगा, आजच. उत्तर प्रश्न ८ चंच आहे. आणि पुढे कुणीही ‘आधी शपथ घे, मग सांगते’ म्हटलं, तर आधीच स्पष्ट करा की कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही.

१५. मी वर्षांपूर्वी एक शब्द मोडला. समोरचा विसरलाही असेल. आता काय करायचं?

तो विसरला असेल हे बहुधा आपलं सोयीचं अनुमान असतं. गणना ५ मध्ये अपराध कबूल करून पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं. घरी येशू आला होता, त्याला पाचव्या हिश्शाचा हिशेब सुचलाच नाही. भेटा किंवा पत्र लिहा, आणि स्वतःचं समर्थन त्यातून काढून टाका. माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या. फक्त एक बघा: तुमच्या मनाचं ओझं उतरवण्यासाठी त्याच्या घरात नवं वादळ उठणार असेल, तर आधी एखाद्या शहाण्या, तोंडाने घट्ट माणसाशी बोला.

१६. उलट बाजू: मलाच दिलेला शब्द कुणी मोडला. मी हक्क सोडून द्यायलाच हवा का?

सोडायलाच हवा असं नाही. मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने भेटून सांगता येतं, मग एकदोघांना घेऊन. १ करिंथ ६ मध्ये पौल विश्वासी भावांनी एकमेकांना न्यायालयात खेचण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असं विचारतो. ते वचन तुम्ही स्वतःला लावू शकता, दुसऱ्या पीडिताला ऐकवू नका.

सोडायचं ठरवलंत, तर खरोखर सोडा. समोरच्याला नेमक्या शब्दांत सांगा: ‘ही रक्कम आता तुझ्याकडून येणं नाही.’ ‘जमेल तेव्हा बघू’ असं म्हणून ठेवलंत, तर तो मोकळाही होत नाही आणि बांधलेलाही राहत नाही, आणि दर भेटीत दोघांनाही ते आठवतं. कागद झाला असेल तर त्यावर लिहून द्या आणि घरच्यांनाही कळवा, म्हणजे तुमच्या मागे कुणी ते मागायला जाणार नाही.